रिपोर्टमधल्या न जुळणाऱ्या जोड्या: दुर्मिळ कॅन्सर आणि रक्तातला केमिकल गोंधळ

कॅन्सर म्हटलं की गाठ डोळ्यासमोर येते. गाठ वाढते, शेजारच्या अवयवावर दाबते, दुसरीकडे पसरते आणि त्यातून त्रास सुरू होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक कॅन्सरमध्ये होतंही तसंच. पण काही गाठी अशा असतात की त्या ना दुखतात ना हाताला लागतात, आणि माणूस मात्र पहाटे अंथरुणात घामाने भिजून असंबद्ध बडबडत असतो, कारण रक्तातली शुगर ३० पर्यंत उतरलेली असते. दुसऱ्या कोणाची हाडं काही लागलं-पडलं नसताना एकेक करून मोडायला लागतात. तिसऱ्याच्या रक्तात अमोनिया इतका वाढतो की तो कोमात जातो, आणि लिव्हरचे बाकीचे रिपोर्ट बघावेत तर जवळपास नॉर्मल. गाठ जिथे आहे तिथे शांत, आणि उपद्रव सगळा रक्तातून, लांबवर.

हे सगळं दुर्मिळ आहे हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी आपले जुने रिपोर्ट काढून घाबरत बसायला नको. युरोपात वर्षाला लाखात ६ पेक्षा कमी लोकांना होणारा कॅन्सर दुर्मिळ धरतात, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची मर्यादा लाखात १५ ची आहे. एकेक प्रकार क्वचितच दिसणारा, पण असे सुमारे २०० प्रकार आहेत आणि ते सगळे एकत्र केले तर युरोपातल्या एकूण कॅन्सरच्या पाचव्या हिश्शाच्या वर जातात. म्हणजे प्रत्येक डॉक्टरला आयुष्यात यातला एखादा तरी भेटतोच, फक्त कुठला भेटेल ते आधी सांगता येत नाही.

गोंधळ होतो तो ढोबळमानाने तीन प्रकारे. गाठीतल्या पेशी एखादं हॉर्मोन किंवा हॉर्मोनसारखं काहीतरी रक्तात सोडत राहतात. किंवा त्या शरीरातलं काहीतरी अफाट प्रमाणात खातात. किंवा उपचार सुरू झाल्यावर त्या एकदम मरतात आणि त्यांच्या पोटातला सगळा माल रक्तात सांडतो. आणि ओळखायचं कसं, तर माझं म्हणणं असं की एकटा आकडा बघून यात काही म्हणजे काही कळत नाही, त्याची जोडी बघावी लागते. शुगर कमी आहे ठीक आहे, पण शुगर कमी असताना इन्सुलिन किती असायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती आहे? कॅल्शियम जास्त आहे, मग ते वाढवणारं हॉर्मोन दबलेलं आहे का? रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात छापलेला आकडा सगळे बघतात, खरी बातमी बऱ्याचदा त्याच्या शेजारच्या न ठळक आकड्यात असते.

शुगरपासूनच सुरू करू, कारण यातली जोडी समजली की बाकीचं आपोआप समजतं.

आपण रात्रभर उपाशी असतो तेव्हा इन्सुलिन खाली येतं, लिव्हर साठवलेली साखर सोडतं, चरबी जळायला लागते आणि तिच्यातून कीटोन बनतात. त्यामुळे उपाशी माणसाच्या रक्तात शुगर कमीकडे, इन्सुलिन कमी आणि कीटोन जास्त असं चित्र हवं. आता समजा शुगर ५५ च्या खाली गेली आणि तरीही इन्सुलिन वरच आहे, त्याच्याबरोबर बाहेर पडणारा सी-पेप्टाइडही वर आहे, तर कोणीतरी स्वादुपिंडातून विनाकारण इन्सुलिन सोडतंय. हे करणारी गाठ म्हणजे इन्सुलिनोमा. दहा लाखांत वर्षाला १ ते ४ जणांना होते, दहातल्या नऊ वेळा २ सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि दहातल्या नऊ वेळा कॅन्सर नसतेच, साधी गाठ असते आणि काढली की माणूस बरा. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, आणि १९२७ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये एका रुग्णाचं पोट उघडलं, तो स्वतः सर्जन होता आणि त्याला शुगर उतरायचे झटके यायचे, तर स्वादुपिंडात गाठ आणि ती लिव्हरमध्ये पसरलेली. लिव्हरमधल्या त्या पसरलेल्या गाठींचा अर्क सशांना टोचला तर सशांची शुगर उतरली. इतका साधा आणि इतका पक्का पुरावा वैद्यकशास्त्रात क्वचित मिळतो. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टोरांटोला रॉस्को ग्रॅहम यांनी अशीच गाठ काढून पहिल्यांदा रुग्ण पूर्ण बरा केला.

अडचण अशी की शुगर उतरते तेव्हा माणूस जे वागतो ते मेंदूच्या किंवा मनाच्या आजारासारखं दिसतं. चिडचिड, विसरणं, विचित्र बोलणं, कधी फिट. त्यामुळे वर्षानुवर्षं फिट्सच्या गोळ्या नाहीतर मानसोपचार चालू राहतात. ॲलन व्हिपल या सर्जनने १९३८ मध्ये तीन अटी सांगितल्या त्या आजही वापरतात: शुगर उतरल्याची लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली शुगर खरंच कमी भरायला हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. यातलं ‘त्याच वेळी’ सगळ्यात महत्त्वाचं. झटका येऊन गेला, माणूस गोड काहीतरी खाऊन सावरला आणि दुसऱ्या दिवशी सावकाश लॅबमध्ये गेला तर रिपोर्ट नॉर्मलच येणार आणि सगळे म्हणणार टेन्शन आहे. म्हणून मग ॲडमिट करून, देखरेखीखाली, ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून टेस्ट करतात. ही टेस्ट घरी करून बघायची गोष्ट नाही, हे वेगळं सांगायला नको तरी सांगतो. आणि शुगर कमी दिसली की पहिला संशय औषधांवर घ्यायचा, डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन, मग दारू, किडनी-लिव्हरचे आजार, मोठं इन्फेक्शन. गाठ या यादीत बरीच खाली आहे.

आता दुसरी जोडी, जी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. शुगर ३५, आणि इन्सुलिन? जवळजवळ नाहीच. सी-पेप्टाइड नाही. म्हणजे स्वादुपिंड आपलं काम चोख करतंय, शुगर कमी आहे म्हणून त्याने इन्सुलिन बंद केलंय. मग शुगर कोण उतरवतंय? अशा वेळी कीटोन बघायचे. इन्सुलिन खरोखर नसेल तर कीटोन भरपूर हवेत. तेही नाहीत! म्हणजे शरीराला कोणीतरी इन्सुलिनचाच हुकूम देतंय पण ते इन्सुलिन नाही, निदान लॅबच्या मशिनला दिसणारं तरी नाही.

१९३० मध्ये डोएगे आणि पॉटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळे असे रुग्ण नोंदवले, छातीत मोठी गाठ आणि शुगर कमी, म्हणून याला डोएगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. गाठ असते सॉलिटरी फायब्रस ट्यूमर नावाची, बऱ्याचदा फुप्फुसाच्या आवरणातून उगवलेली, आणि शुगर उतरवणारी बहुधा चांगली मोठी, १० सेंटिमीटरच्या पुढची. अशी गाठ असलेल्या शंभरातल्या पाचपेक्षा कमी लोकांना हा शुगरचा त्रास होतो. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये आणि काही सारकोमामध्येही (हाडं, स्नायू, चरबी अशा भागांचे कॅन्सर) हाच प्रकार दिसतो.

गुन्हेगार आहे आयजीएफ-२ नावाचं प्रोटीन. नावातच आहे, इन्सुलिनसारखा वाढ घडवणारा घटक, आणि तो आपल्या सगळ्यांच्या रक्तात इन्सुलिनपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग आपली शुगर का उतरत नाही? कारण तो मोकळा फिरत नाही, आणखी दोन प्रोटीन त्याला धरून ठेवतात आणि या तिघांचं मिळून जे गाठोडं होतं ते इतकं मोठं असतं की रक्तवाहिनीच्या दारातून बाहेर निघतच नाही. ही गाठ मात्र आयजीएफ-२ अर्धवट तयार झालेला सोडते, नेहमीपेक्षा मोठा, नीट कापून-छाटून न घेतलेला, आणि त्याचं ते तिघांचं गाठोडं नीट बांधलंच जात नाही. रेणू मोठा पण गाठोडं छोटं. मग तो बाहेर पडतो, स्नायूंमध्ये, लिव्हरमध्ये जातो आणि इन्सुलिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो. स्नायू साखर ओढायला लागतात, लिव्हर साखर सोडायचं थांबवतं, चरबी जळत नाही म्हणून कीटोन नाहीत, आणि इन्सुलिनप्रमाणेच पोटॅशियमही पेशींमध्ये ढकललं जातं म्हणून तेही कमी लागतं. एवढं सगळं एका अर्धवट प्रोटीनमुळे. टेस्टमध्ये आयजीएफ-२ चा एकूण आकडा कधीकधी नॉर्मलच येतो, इथेही जोडीच बघावी लागते: आयजीएफ-१ शी त्याचं गुणोत्तर साधारण ३ असतं, ते १० च्या वर गेलं तर संशय पक्का.

उपाय म्हणजे गाठ काढणं, आणि पूर्ण निघाली तर शुगर लगेच जागेवर येते. पण ऑपरेशनपर्यंत किंवा ऑपरेशन शक्यच नसेल तर सलाईनमधून ग्लुकोज, रात्री उठून खाणं, आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड इथे नुसती शुगर वाढवायला नाही तर तो अर्धवट आयजीएफ-२ बनणंच कमी व्हावं म्हणूनही देतात. इन्सुलिनोमावर चालणारं डायझॉक्साइड इथे फारसं चालत नाही, आणि चालणार तरी कसं, ते स्वादुपिंडाचं इन्सुलिन थांबवतं आणि ते तर आधीच थांबलेलं. निदान चुकलं की औषध चुकतं ते असं.

हे झालं सोडणाऱ्या गाठींचं. खाणाऱ्या गाठीही असतात. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवटच जाळतात आणि लॅक्टेट बनवतात. साखरेच्या एका रेणूतून पूर्ण जाळल्यावर ऊर्जेची ३० च्या आसपास एककं मिळतात आणि या अर्धवट पद्धतीत फक्त २, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी साखर किती लागेल बघा. बहुतेक कॅन्सरमध्ये हा उद्योग रक्तात जाणवण्याइतका मोठा नसतो, बनलेलं लॅक्टेट लिव्हर निस्तरतं. पण काही जलद वाढणाऱ्या लिम्फोमा आणि ल्युकेमियामध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींच्या आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये, तो एवढा वाढतो की लॅक्टेट दोनच्या खाली असायला हवं ते दहा-पंधरावर जातं.

आता लॅक्टेट वाढलं की आयसीयूमध्ये पहिला अर्थ असा घेतात की पेशींना रक्त किंवा ऑक्सिजन पोचत नाहीये, म्हणजे शॉक किंवा सेप्सिस (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन). पण शेजारचे आकडे बघितले तर बीपी चांगलं, हातपाय गरम, ऑक्सिजन ९८, लघवी होतेय. जोडी जुळत नाही. तरी शॉक समजून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढतात आणि लॅक्टेट ढिम्म हलत नाही. यातल्या काही रुग्णांची शुगर २०-३० पर्यंत खाली असते आणि तरी ते शुद्धीवर, गप्पा मारत बसलेले असतात, कारण मेंदू लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून वापरू शकतो आणि ते तर इथे भरपूर आहे. नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर लॅक्टेट अजून वाढू शकतं, बायकार्बोनेट दिलं तरी फार फरक पडत नाही. थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी असेल तर हेच जास्त होतं म्हणून ते मात्र लगेच देतात, त्यात धोका नाही आणि कधीकधी चांगला फायदा होतो. बाकी खरा उपाय एकच, केमो लवकर सुरू करणं. अशा रुग्णाला ‘आधी स्टेबल होऊ दे मग केमो देऊ’ म्हणून थांबलं तर तो स्टेबल होतच नाही, आणि ही द्विधा नातेवाईकांना समजावून सांगणं डॉक्टरांना फार अवघड जातं.

अमोनियाचं प्रकरण आणखी वेगळं. आपण खातो त्या प्रोटीनमधला नायट्रोजन अमोनिया बनतो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि किडनी बाहेर टाकते. त्यामुळे अमोनिया वाढून माणूस बेशुद्ध झाला की सगळ्यांना सिरोसिसच आठवतो. पण फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा नावाचा लिव्हरचा एक कॅन्सर आहे, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये शंभरात एखादाच असा, आणि तो होतो कोणाला तर १० ते ३५ वयाच्या तरुण पोरापोरींना, ज्यांचं बाकीचं लिव्हर अगदी निरोगी असतं, दारू नाही, हेपॅटायटिस नाही. लिव्हर कॅन्सरसाठी जी एएफपी टेस्ट करतात तीही यात बहुतेक वेळा नॉर्मल येते. २०१४ मध्ये याचं मूळ सापडलं, १९ व्या क्रोमोसोमचा एक तुकडा गळून दोन जीन एकमेकांना चिकटलेले, आणि ते शोधणाऱ्या टीममध्ये स्वतः लहानपणी हा कॅन्सर झालेली एक शाळकरी मुलगी होती. कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

यातल्या काही रुग्णांना अमोनिया वाढून झटके, गुंगी, कोमा असं होतं, बऱ्याचदा मोठ्या ऑपरेशननंतर किंवा केमोनंतर. जोडी अशी: अमोनिया २०० च्या वर, आणि बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची टेस्ट ठीकठाक. कारण असं मानलं जातं की गाठ ऑर्निथिन नावाचं अमिनो ॲसिड ओढून घेते आणि युरिया बनवायच्या साखळीला नेमकं तेच हवं असतं, त्यामुळे कारखाना धडधाकट असून कच्च्या मालाअभावी बंद पडतो. काही बाळांना जन्मतः युरिया सायकलचा आजार असतो, हे जवळपास तसंच झालं, आणि उपचारही त्या बाळांचेच चालतात. प्रोटीन एक-दोन दिवस बंद, उष्मांक ग्लुकोज आणि फॅटमधून, सोडियम बेंझोएट आणि फेनिलॲसिटेट किंवा फेनिलब्युटिरेट, अमिनो ॲसिडपैकी आर्जिनिन, आणि फारच वाढला तर डायलिसिस. सिरोसिसमध्ये देतात ते लॅक्टुलोज एकट्याने इथे पुरत नाही. एक छोटीशी पण कामाची गोष्ट, अमोनियाचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पोचवावं लागतं, टेबलावर पडून राहिलं तर अमोनिया ट्यूबमध्येच वाढत जातो आणि खोटा रिपोर्ट येतो. आणि उलटंही होतं, कॅन्सरचा पेशंट गुंगीत आहे म्हणजे मेंदूत पसरलं असेल असं धरून स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो, आणि अमोनिया कोणी मागवतच नाही.

कॅल्शियमचं थोडक्यात, कारण ते त्या मानाने ओळखीचं आहे. कॅल्शियम वाढलं की तहान, खूप लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ आणि मग गुंगी. जोडी पॅराथायरॉइड हॉर्मोनची, म्हणजे पीटीएचची. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच दबलेलं असेल तर वाढवणारा दुसरा कोणीतरी आहे, कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा पीटीएचसारखंच दिसणारं एक प्रोटीन, जे १९८७ मध्ये सापडलं. कॅल्शियम १४ च्या वर आणि पीटीएचही प्रचंड असेल तर पॅराथायरॉइडच्या कॅन्सरचा विचार करतात, आणि त्या कॅन्सरमध्ये रुग्ण बऱ्याचदा गाठ पसरल्याने नाही तर कॅल्शियममुळे दगावतो, त्यामुळे कॅल्शियम ताब्यात ठेवणं हाच तिथे मोठा उपचार. तिसरा एक अतिशय दुर्मिळ, अंडाशयाचा स्मॉल सेल कार्सिनोमा, ज्याच्या नावातच जास्त कॅल्शियमचा उल्लेख आहे. सरासरी वय २४, साधारण दोन तृतीयांश मुलींमध्ये कॅल्शियम वाढलेलं, आणि २०१४ मध्ये कळलं की जवळपास सगळ्यांमध्ये स्मार्का-४ हा एकच जीन बिघडलेला असतो. हा बिघाड आईवडिलांकडूनही आलेला असू शकतो म्हणून घरच्यांनी जेनेटिक सल्ला घ्यावा असं सांगतात. वाढलेल्या कॅल्शियमवर तातडीचा उपाय आधी भरपूर सलाईन, कॅल्सिटोनिन काही तासांत काम करतं पण दोन दिवसांत त्याचा असर ओसरतो, तोवर हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचा असर सुरू झालेला असतो.

फॉस्फेटवर मात्र मला जरा रेंगाळायचंय. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर फॉस्फेट उतरवणारी ही गाठ म्हणजे कॅन्सर नव्हेच, ती बहुतेक वेळा साधी असते, पण या विषयातून तिला वगळणं मला जमणार नाही. माणसाला आधी पाय दुखतात, मग कंबर, मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, चाल बदकासारखी होते, बरगड्या आणि पाय बारीक बारीक मोडतात, उंची कमी होते. संधिवात म्हणतात, मणक्याचं म्हणतात, ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, शेवटी मनाचं म्हणतात. कॅल्शियम नॉर्मल, व्हिटॅमिन डी देऊन झालं, फरक नाही. यात वर्षं जातात, आणि जातात त्याचं कारण अगदी क्षुल्लक आहे: फॉस्फेट ही टेस्ट नेहमीच्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा नसतेच. मोठ्या माणसात ते २.५ ते ४.५ हवं, यांचं दीडच्या आसपास असतं, आणि ते कोणी बघितलेलंच नसतं.

एकदा बघितलं की पुढची जोडी लघवीतली. रक्तात फॉस्फेट कमी आहे तर किडनीने ते घट्ट धरून ठेवायला हवं, इथे किडनी ते वाहून जाऊ देते. आणि फॉस्फेट कमी झाल्यावर व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप वाढायला हवं, तेही कमी किंवा जेमतेम. दोन्ही गोष्टी उलट्या. हे करतं एफजीएफ-२३ नावाचं हॉर्मोन, जे एक इवलीशी गाठ सोडत असते, कधी तळपायात, कधी मांडीत, कधी जबड्यात, कधी नाकाच्या मागच्या सायनसमध्ये. रॉबर्ट मॅकॅन्स यांनी १९४७ मध्ये अशी एक तरुण मुलगी नोंदवली, तिच्या मांडीच्या हाडातली गाठ काढल्यावर ती बरी झाली, पण ती बरी झाली व्हिटॅमिन डीच्या प्रचंड डोसमुळे असाच समज राहिला. गाठच कारण आहे हे १९५९ मध्ये आंद्रेआ प्रादर यांनी सांगितलं, आणि एफजीएफ-२३ हे नाव या आजाराला चिकटायला २००१ उजाडलं.

गाठ शोधणं हा वेगळाच खेळ. बोटाच्या पेराएवढीही नसते कधीकधी, त्यामुळे डोक्यापासून तळपायापर्यंत, हातापायांच्या बोटांसकट स्कॅन करायला लागतो, आणि नेहमीच्या पेट स्कॅनपेक्षा गॅलियम वापरून केलेला डोटाटेट पेट स्कॅन यात सरस ठरतो. इथे एक सूचना, नेहमीचे पेट स्कॅन बऱ्याचदा मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात, आणि गाठ गुडघ्याखाली असेल तर ती रिपोर्टमध्ये येणारच नाही, तेव्हा ‘पूर्ण शरीर’ म्हणजे नक्की कुठपर्यंत हे विचारून घ्यावं. गाठ सापडली आणि पूर्ण निघाली की एफजीएफ-२३ काही तासांत पडतं, फॉस्फेट काही दिवसांत वर येतं, हाडं भरायला मात्र महिने लागतात. नाही सापडली तर फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप) दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं, किंवा एफजीएफ-२३ लाच अडवणारं बुरोसुमॅब, ज्याला या आजारासाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

आतड्यातल्या आणि स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचं, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींपासून झालेल्या गाठींचं, एक मोठं कुटुंब आहे, त्यातल्या तिघांची नुसती ओळख करून देतो. कार्सिनॉइड सिंड्रोममध्ये गाठ सेरोटोनिन बनवते, चेहरा लाल होतो, जुलाब होतात. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅनपासून. एरवी खाण्यातल्या ट्रिप्टोफॅनचा जेमतेम १ टक्का त्यासाठी वापरला जातो, इथे अर्ध्याहून जास्त जाऊ शकतो आणि मग नायासिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, बनवायला उरतच नाही, म्हणून जेवणखाण व्यवस्थित असलेल्या माणसाला पेलाग्रा हा त्याच्या कमतरतेचा आजार होतो, ऊन लागतं त्या जागी कातडी काळी-खरखरीत. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होतात आणि डाव्या बहुतेक वाचतात, कारण मध्ये फुप्फुस सेरोटोनिन निकामी करतं. सेरोटोनिन किती बनतंय याचा अंदाज घ्यायला लघवीची २४ तासांची टेस्ट करतात, तिच्याआधी केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, कारण त्यात सेरोटोनिन असतं. दुसरा व्हायपोमा, १९५८ मध्ये व्हर्नर आणि मॉरिसन यांनी सांगितलेला: पाण्यासारखे जुलाब, दिवसाला ३ लिटरच्या वर जाणारे, उपाशी राहिलं तरी न थांबणारे, आणि पोटॅशियम तळाला. इन्फेक्शनचे किंवा न पचल्याचे जुलाब उपवासाने कमी होतात, हे होत नाहीत, हीच इथली न जुळणारी जोडी. तिसरा ग्लुकागोनोमा, नव्याने डायबेटिस, वजन उतरणं आणि जांघेत, पायांवर सरकत जाणारे सोलवटलेले चट्टे, ज्याच्यावर त्वचेची मलमं लावून लावून माणूस थकतो, कारण त्या चट्ट्यांमागे रक्तातली घटलेली अमिनो ॲसिड असतात असं मानतात आणि मलम तिथे पोचत नाही.

राहिलं ते पेशी मरतानाचं. बर्किट लिम्फोमा इतक्या वेगाने वाढतो की गाठीतल्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, आणि तेवढ्याच वेगाने केमोने मरतात. मरताना आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि डीएनए बाहेर येतं, डीएनएचं युरिक ॲसिड होतं, ते किडनीत साचतं, फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली बसतं आणि कॅल्शियम कमी होतं. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. केमोच्या आधीपासून भरपूर सलाईन, नवीन युरिक ॲसिड बनणं रोखणारं ॲलोप्युरिनॉल, आणि धोका जास्त असेल तर रास्ब्युरिकेज, जे झालेलं युरिक ॲसिडसुद्धा तोडून टाकतं. ते देण्याआधी जी-६-पीडी एन्झाइमची टेस्ट करतात, ते कमी असलेल्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. कॅल्शियम कमी दिसलं म्हणून लगेच इंजेक्शन देत नाहीत, आकडी किंवा हृदयाचे ठोके बिघडणं असं काही असेल तरच, नाहीतर ते फॉस्फेटबरोबर मिळून आणखी खडे करतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर काही आकडे निव्वळ खोटे निघतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर त्या सॅम्पलच्या ट्यूबमध्ये बसूनसुद्धा साखर खातात, मग रिपोर्टमध्ये शुगर ४० आणि पेशंट मजेत पेपर वाचतोय. बोटातून घेऊन ताबडतोब तपासली किंवा रक्त फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घेऊन लगेच चालवलं तर खरी कळते. पोटॅशियमचंही तसंच, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशी नाजूक असतात, लॅबकडे हवेच्या नळीतून पाठवताना किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फुटतात आणि पोटॅशियम ७-८ दाखवतं, ईसीजी मात्र अगदी नॉर्मल. अशा वेळी ईसीजीवर विश्वास ठेवून रक्त नव्याने घ्यायचं, हाताने नेऊन ब्लड गॅसच्या मशिनवर लगेच लावायचं, नाहीतर नसलेलं पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि बाकीची औषधं दिली जातात आणि मग ते खरोखरच धोक्याच्या खाली जातं.